गोव्याच्या हवेत सोनेरी आयव्ही: उघड्या भिंतीवर नको, बलकांवात हवी

पर्वरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आवाराला चिऱ्यांची साताठ फूट उंच भिंत, तोंड पश्चिमेला. डिसेंबरात त्यांनी नर्सरीतून ‘गोल्डन आयव्ही’ची दोन रोपं आणली आणि भिंतीच्या पायथ्याशी कुंड्यांत लावली. फेब्रुवारीपर्यंत पानं छान सोनेरी होती. एप्रिलात कडा करपायला लागल्या, म्हणून कुंड्या जिन्याखाली हलवल्या. आता नवी पानं हिरवीच निघताहेत. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सोनं परत कसं येईल? ही वेल भिंत झाकेल का? आणि झाकली तर चिऱ्यांना इजा होईल का?

ताई, पश्चिमेची उघडी भिंत आयव्हीने झाकायचा बेत सोडून द्या, पण आयव्ही सोडू नका. गोव्यात ही वेल ऑक्टोबराच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढते. उरलेले महिने तिला फक्त जगवायचं असतं, आधी उन्हापासून आणि मग पावसापासून. हा हिशेब एकदा मनाशी पक्का केला की बाकीचं सगळं सोपं होतं. आपल्याकडे मरणाऱ्या बहुतेक आयव्ही चुकीच्या महिन्यात केलेल्या लाडांमुळे मरतात. मे महिन्यात घातलेलं खत आणि जुलैत घातलेलं पाणी ही त्यातली दोन मोठी कारणं.

ही वेल मुळात थंड मुलखातली. हेडेरा हेलिक्स, म्हणजे आपली नेहमीची आयव्ही, युरोप आणि पश्चिम आशियातल्या जंगलांत, झाडांच्या सावलीत, ओलसर जमिनीवर पसरते आणि खोडांवर चढते. आपल्या हिमालयात तिच्याच वंशातली हेडेरा नेपालेन्सिस रानात उगवते. आपल्या अंगणातली अरेलिया आणि शेफ्लेरा तिच्याच कुळातली आहेत, पण ती मंडळी उष्ण प्रदेशात वाढलेली, म्हणून ती गोव्यात निवांत असतात. आयव्हीला 15 ते 25 अंश तापमान आवडतं. तिशीच्या वर पारा गेला की तिची वाढ मंदावते. त्यातही दुपारच्या उन्हापेक्षा गोव्याची उकाड्याची रात्र तिला जास्त त्रास देते. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही पारा 26 अंशांच्या आसपास रेंगाळतो. दिवसभरात पानांनी बनवलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं, आणि रात्र जितकी गरम तितका हा खर्च मोठा. सोनेरी पानात हरितद्रव्य कमी, म्हणजे कमाई आधीच तुटपुंजी. तुमची पश्चिमेची चिऱ्यांची भिंत दुपारी तापते आणि ती ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. त्या भिंतीला टेकलेल्या रोपाला विसावा असा मिळतच नाही.

आता नेमकी कोणती आयव्ही तुमच्या हाती आली आहे ते बघू, कारण नर्सरीत सगळ्यांना ‘गोल्डन आयव्ही’ हे एकच नाव असतं.

पहिला प्रकार ‘बटरकप’. याचं अख्खं पान सोनेरी. उजेड भरपूर असेल तर पिवळंधमक, सावलीत ठेवलं की पोपटी आणि पुढे हिरवं. दुसरा ‘गोल्डहार्ट’. गडद हिरव्या पानाच्या मध्यभागी सोनेरी ठिपका आणि देठ लालसर. देखणा आहे, पण सुरुवातीला फार सावकाश वाढतो आणि पुन्हा हिरवा व्हायची खोड त्याला भारी. तिसरा ‘गोल्डचाइल्ड’. पान करडट हिरवं आणि कडा सोनेरी. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने ज्यांना ‘अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट’ दिलं आहे त्यांतला हा एक. उंची तीन-चार फुटांची, त्यामुळे कुंडीसाठी उत्तम. गोव्यासाठी मला विचाराल तर मी हाच सुचवेन. पानाचा बराच भाग हिरवा असल्यामुळे त्याला पोटापुरती कमाई करता येते, आणि सोनं कडेला असल्यामुळे थोड्या मंद उजेडातही ते दिसतं. बटरकप आपल्याकडे फार कठीण जातो. सोनं यायला ऊन हवं आणि आपलं ऊन त्याला सोसत नाही, या कात्रीत तो सापडतो.

आणखी एक आहे, अल्जीरियन आयव्ही. तिचा ‘ग्लोआर द मारेंगो’ हा प्रकार मोठ्या पानांचा असतो आणि कडा सोनेरी नसून मलईच्या रंगाच्या असतात. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडची ही जात उकाडा जास्त सहन करते. सोन्याचा आग्रह थोडा सैल करायची तयारी असेल तर हिचा जरूर विचार करा.

शिवाय आयव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या पण आयव्ही नसलेल्या वेली आहेत. सगळ्यात जास्त गफलत होते ती सेनेसिओ मॅक्रोग्लॉसस या दक्षिण आफ्रिकेकडच्या वेलीची. पान हुबेहूब आयव्हीच्या आकाराचं, कडा पिवळसर पांढऱ्या. पण हात लावला की कळतं. हिचं पान जाड, रसाळ आणि मेणचट असतं, आणि वेल आधाराला विळखा घालत चढते. खऱ्या आयव्हीचं पान चामड्यासारखं पातळ आणि चिवट असतं, आणि खोडाच्या ज्या बाजूला आधार मिळतो तिथे बारीक तपकिरी मुळांचा दाट ब्रश फुटतो. तुमच्याकडे सेनेसिओ आली असेल तर ती गोव्यात आयव्हीपेक्षा सुखात राहते. तिला पाणी मात्र निम्मंच द्यायचं.

सोनं का गेलं, हा तुमचा मुख्य प्रश्न. त्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी रोप नीट बघा.

सगळ्याच शेंड्यांवरची नवी पानं सारखीच हिरवट झाली असतील, तर कारण सावली. जिन्याखाली उजेड कमी पडला, म्हणून झाडाने जगण्यासाठी जास्त हरितद्रव्य तयार केलं. ही झाडाची शहाणी तडजोड आहे, रोग नव्हे. उजेड वाढवला की पुढची पानं सोनेरी येतील. झालेली हिरवी पानं बटरकपमध्ये काही प्रमाणात उजळतात, कडांच्या प्रकारांत ती तशीच राहतात.

पण बाकीचे शेंडे सोनेरी असून एखादाच शेंडा पूर्ण हिरवा निघाला असेल, तर गोष्ट वेगळी. कडा किंवा मध्य सोनेरी असलेल्या प्रकारांत पानाच्या पेशींचे काही थर हरितद्रव्य बनवू शकतात आणि काही बनवू शकत नाहीत. वाढणाऱ्या डोळ्यातली, म्हणजे अंकुरातली, ही थरांची मांडणी कधी कधी विस्कटते आणि तो डोळा पूर्ण हिरवी फांदी देतो. ती फांदी जास्त अन्न बनवते, जास्त वेगाने वाढते आणि बघता बघता सोनेरी फांद्यांवर मात करते. तिचा मुलाहिजा ठेवू नका. हिरवं पान जिथून सुरू झालं त्याच्या खालच्या, अजून सोनेरी असलेल्या पेरापर्यंत मागे जाऊन ती कापा. उजेड वाढवून ही फांदी पुन्हा सोनेरी होत नाही. गोल्डहार्टमध्ये हे काम वर्षभर करत राहावं लागतं.

एक पिवळेपणा असाही आहे, ज्याला लोक सोनं समजून खूश होतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट पिवळा दिसत असेल तर मुळांना लोह मिळत नाही. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर मुळं पाण्यात बुडलेली आहेत. खरं सोनं कोवळ्या, टवटवीत, ताठ पानावर असतं. मरगळलेल्या पानावरचा पिवळा रंग हा आजारच समजायचा.

जागा कुठली द्यायची? सकाळी नऊ, फार तर साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर मोकळ्या आभाळाचा उजेड, पण ऊन नाही, अशी जागा. जुन्या गोमंतकीय घरांच्या पूर्वेकडच्या किंवा उत्तरेकडच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या छपराच्या ओसरीत, हे सगळं आपोआप जुळून येतं. वर कौलांची सावली, तीन बाजूंनी वारा, आणि छप्पर पुढे आलेलं असल्यामुळे पावसाची झोड थेट पानांवर येत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेची बाल्कनी निवडावी. दक्षिणेची किंवा पश्चिमेचीच बाल्कनी असेल तर 50 टक्क्यांचं शेडनेट लावा आणि कुंडी भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. सत्तरी, सांगेच्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना थोडी सवलत आहे. तिथल्या हिवाळ्याच्या रात्री किनाऱ्यापेक्षा थंड असतात आणि आयव्हीचा रंग त्या दिवसांत जास्त खुलतो.

तुमच्या दोन कुंड्यांचं आत्ता काय करायचं तेही सांगतो. जिन्याखालून काढून एकदम उन्हात नेऊ नका, हफ्त्याभरात पुन्हा करपतील. आधी चारपाच दिवस बलकांवाच्या आतल्या भिंतीशी, मग कठड्याजवळ. पूर्ण करपलेली पानं काढून टाका. ज्यांच्या फक्त कडा गेल्या आहेत ती राहू द्या, उरलेल्या भागाची कमाई झाडाला हवी आहे. खत घालू नका. कुंडी बदलू नका, ते काम ऑक्टोबरात करायचं. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी दोन्ही रोपांच्या चार-सहा फांद्या कापून पाण्यात ठेवा. मूळ रोप पावसाळ्यात दगावलं तरी त्याच रंगाची रोपं हाताशी राहतील. बियांपासून हा रंग मिळत नाही, तो फांदीनेच पुढे न्यावा लागतो. फांदी चार-पाच इंचांची, खालची पानं काढलेली, निदान दोन पेरं पाण्यात बुडलेली अशी घ्या. पाणी दर तिसऱ्या दिवशी बदला. नोव्हेंबर-डिसेंबरात याच फांद्या तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. आत्ता वेळ जास्त लागेल आणि काही कुजतील, म्हणूनच जास्त घ्यायच्या.

मातीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण गोव्यात अर्धं अपयश मातीत असतं. आपली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि आयव्हीला उदासीन ते किंचित चुनखडीची जमीन आवडते. शिवाय ही माती कुंडीत पावसाच्या माऱ्याने घट्ट बसते आणि हवा आत जात नाही. दुसऱ्या टोकाला नर्सरीतून आलेलं रोप. बाहेरगावच्या रोपवाटिकांतून येणारी ही रोपं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. शेडमधल्या नियंत्रित पाण्यावर ती छान दिसतात, पण आपल्या दमट हवेत तो गोळा आतून आठ-आठ दिवस सुकत नाही. मुळं आतल्या आत कुजतात आणि वरून वेल सुकल्यासारखी दिसते, मग माणूस आणखी पाणी घालतो.

माझं मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं जळकं तूस किंवा कोळशाची चुरी, आणि एक भाग नदीची जाड रेती किंवा चिऱ्याची बारीक खडी. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ मुळांना मारतं. कोकोपीट धुवायचं तेही मिठासाठीच. घरच्या नारळाची सोडणं कुटून वापरणार असाल तर आधी काही दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्या. यात शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, दहा इंची कुंडीला एक चहाचा चमचा, वर्षातून एकदा ऑक्टोबरात. विड्याच्या पानाला लावायचा किंवा भिंतीला फासायचा चुना वापरू नका, तो फार तीव्र असतो. चमच्याचे दोन चमचेही करू नका. चुना जास्त झाला की लोह अडकतं आणि शिरा हिरव्या ठेवून पान फिकट पडायला लागतं. जमिनीतच लावायचं असेल तर जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी खात्याकडे माती तपासायला द्या आणि मगच चुन्याचं प्रमाण ठरवा.

कुंडी रोपाच्या गोळ्यापेक्षा दोनच इंच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली रिकामी माती ओली राहते आणि मुळं तिथे पोचायच्या आधी बुरशी पोचते. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा चांगली, ती घाम टाकते आणि आतलं तापमान खाली राखते.

पाणी बोटाने ठरवायचं. दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं आणि कोरडं लागलं तर भरपूर पाणी, खालून वाहून जाईपर्यंत. ओलं लागलं तर काही नाही. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. आयव्ही तिच्या देशात समुद्राचा वारा सहज झेलते, पण कुंडीत मीठ साठत गेलं की पानांच्या कडा तपकिरी पडतात, आणि ते करपणं उन्हाचंच वाटतं. अशा ठिकाणी पाऊस येईपर्यंत नळाचं पाणी वापरा. आपल्याकडे मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत आहे. माड, मिरची, कढीपत्ता यांना ते चालतं, आयव्हीच्या कुंडीत नको.

खत फक्त वाढीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा पुरे. नत्र जास्त दिलं तर पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, पण सोनं फिकं पडून हिरव्याकडे झुकतं.

आता पावसाळा. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आयव्हीला पाण्यापेक्षा सतत ओलं राहणारं पान जास्त घातक. झँथोमोनास या जिवाणूमुळे पानावर आधी तेलकट, ओलसर ठिपके दिसतात, मग ते काळे पडतात आणि भोवती पिवळं वर्तुळ उमटतं. पावसाच्या थेंबांबरोबर हा रोग पानावरून पानावर उडतो. म्हणून मिरगाच्या आत कुंड्या छपराखाली आल्या पाहिजेत, आणि पागोळ्यांपासून दोन-तीन फूट आत. कुंडीखाली बशी ठेवू नका. पाणी साचून मुळंही कुजतात आणि डासही होतात. कुंडी चिऱ्याच्या तुकड्यांवर किंवा विटांवर उचलून ठेवा आणि दोन कुंड्यांत हात जाईल एवढी मोकळी जागा सोडा. ठिपके दिसले की ती पानं तोडून जाळा किंवा कचऱ्यात द्या, कुंडीत टाकू नका. प्रसार जास्त असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, उघडीप बघून फवारा. मुळं कुजू नयेत म्हणून पावसाच्या तोंडाला शेणखतात मिसळलेलं ट्रायकोडर्मा मूठभर कुंडीत घातलेलं बरं. ट्रायकोडर्मा आणि तांब्याचं औषध एकाच वेळी कुंडीत जाऊ देऊ नका, ती बुरशी आपल्या मित्रपक्षातली आहे आणि तांबं तिलाही मारतं. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या.

उन्हाळ्यात शत्रू वेगळा. लाल कोळी. मार्च-एप्रिलात पानं धुरकट, ठिपकेदार, निस्तेज दिसायला लागली की पान उलटं करा. बारीक जाळी आणि हलणारे ठिपके दिसतील. सोनेरी पानावर हे लवकर लक्षात येत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मुद्दाम बघायचं. पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पिचकारीने पानांची खालची बाजू जोरात धुवा, दोन दिवसांआड, चार वेळा. तरी राहिले तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या साबणाच्या पाण्यात घुसळून, संध्याकाळी. भर उन्हात तेल फवारलं तर करपण्याचा दोष उगाच कोळ्यावर जाईल. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पेरांच्या बेचक्यात बसतात, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसली की जातात.

आधाराचं काम गोव्याच्या माणसाला शिकवायला नको. कुळागरात पोफळीवर मिरवेल चढवणाऱ्याला आयव्ही चढवता येते, कारण दोन्ही पेरापेराला मुळं सोडून धरतात. मिरवेल कोवळी असताना तिला केळीच्या सोपटाने खोडाशी बांधतात, पेर खोडाला टेकलं पाहिजे याची काळजी घेतात, आणि एकदा मुळांनी धरलं की सोडून देतात. हेच इथे करा. कुंडीच्या मधोमध काथ्या गुंडाळलेली चार फुटी काठी रोवा, काथ्या ओलसर ठेवा आणि वेल सैल बांधा. एक नियम मात्र लक्षात ठेवा. आयव्हीचं एकदा सुटलेलं मूळ पुन्हा चिकटत नाही, फक्त नवीन वाढ चिकटते. म्हणून वेल उपटून दुसरीकडे लावली तर जुना भाग बांधूनच ठेवावा लागतो. शेंडे खुडत राहिलात तर बाजूच्या फांद्या फुटून काठी भरते.

ती चिकटते कशी, हे फार सुंदर आहे. मुळांच्या केसांतून एक स्राव येतो आणि त्यात अतिसूक्ष्म गोल कण असतात. ते अरॅबिनोगॅलॅक्टन जातीच्या प्रथिनांचे आहेत आणि ते दगडाच्या बारीकात बारीक फटीत शिरून स्राव सुकल्यावर घट्ट पकडतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं.

यावरूनच भिंतीच्या इजेचा प्रश्न सुटतो. ही मुळं भिंतीतून अन्न घेत नाहीत, ती फक्त धरायला आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लिश हेरिटेजसाठी जुन्या इमारतींवरच्या आयव्हीचा अभ्यास केला. सुस्थितीतल्या भिंतीवर आयव्हीचं आच्छादन तापमानाचे आणि ओलाव्याचे चढउतार कमी करतं, पण आधीच भेगा असतील तर त्यांत फांद्या शिरून जाड होतात आणि दगड उचकटतात, असं त्यांना दिसलं. आता हे चिऱ्याला लावून बघा. चिरा सच्छिद्र, खडबडीत, आणि जुन्या भिंतींचे सांधे मातीचे किंवा चुन्याचे, पावसाने खाल्लेले. म्हणजे फटी भरपूर. सिमेंटने सांधे भरलेली धड भिंत असेल तर काळजी नाही. सांध्यात सुरी सहज जात असेल तर कुठलीही मुळं सोडणारी वेल थेट भिंतीवर नको. भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे जाळी ठोका आणि वेल जाळीवर घ्या. मागून वारा खेळला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात भिंत महिनोन्‌महिने ओली राहील.

पण तुमच्या पश्चिमेच्या भिंतीचं काय? तिथे सोनेरी पान हवंच असेल, तर सोनेरी कडांच्या पानांची बोगनवेल लावा. पानालाच पिवळी कड असते, त्यामुळे फूल नसतानाही रंग राहतो, आणि ते तापलेलं ऊन तिला हवंच असतं. तिला जाळीवर बांधावं लागतं, काटे असतात आणि पावसानंतर सडकून छाटणी लागते. पायथ्याशी सोनेरी दुरंता या झुडपाची ओळ छाटून ठेवली तर खालचा उघडा भाग भरतो. फक्त हिरवीगार चिकटलेली भिंत चालणार असेल तर क्रीपिंग फिग आहेच, पण ती सांधे धड असलेल्या भिंतीवरच, आणि वर्षातून तीनदा कात्री चालवायची तयारी ठेवून. तिला मोकळं सोडलं की फांद्या जाड होऊन भिंतीपासून पुढे येतात.

आवारात सावलीचा माड किंवा आंबा असेल तर त्याच्या खोडावर सोनेरी मनी प्लांट चढवा. ‘निऑन’ नावाच्या पोपटी-सोनेरी प्रकाराला गोव्याची हवा मनापासून मानवते आणि तो सावली उजळून टाकतो. छाटलेले तुकडे मात्र ओहोळाच्या काठी किंवा रानाच्या कडेला फेकू नका, ते तिथे रुजतात आणि पसरतात. थंड मुलखात आयव्हीनेही हेच केलं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 2010 पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, कारण तिने तिथली जंगलं व्यापली. आपल्या उकाड्यात आयव्हीकडून तशी भीती नाही, मनी प्लांटकडून आहे.

आणि आयव्ही छाटताना हातमोजे घाला. तिच्या रसातल्या फाल्कारिनॉल या द्रव्याने काहींच्या हाताला पुरळ येतं, फोडही येतात, आणि पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नसतं. पानांत सॅपोनिनं असतात, ती कुत्र्यामांजरांच्या आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. औषधांच्या दुकानात आयव्हीच्या पानांच्या अर्काचं खोकल्याचं औषध मिळतं. तो अर्क मोजून-मापून शुद्ध केलेला असतो, म्हणून कुंडीतली पानं उकळून काढा कुणी करू नये. छाटलेल्या फांद्या शेळ्यांसमोर टाकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या.